साधं पिस्तूल की वरचं? लेकीसाठी घेताना केलेला हिशेब

दहा मीटर एअर पिस्तूल खेळणाऱ्या मुलांच्या घरात ही वेळ येतेच. क्लबचं पिस्तूल पुरेनासं होतं, स्वतःचं घ्यायचं ठरतं आणि मग एकाच कंपनीची दोन मॉडेल समोर येतात, एक साधं आणि एक वरचं. किमतीत फरक इतका, की तेवढ्यात पोराच्या वर्षभराच्या स्पर्धा निघाव्यात. आम्ही या दोन्हींच्या मध्ये बरेच महिने अडकून होतो. रेंजवर भेटणारे पालक अजूनही तेच विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

मी शिरोली एमआयडीसीत टूलरूमला आहे. जिग-फिक्स्चर, गेज, डाय अशी अचूक मापाची साधनं बनवणं, हेच रोजचं काम. त्यामुळे कुठलंही यंत्र हातात आलं की ते किती अचूक आहे आणि ती अचूकता कुठून येते, हे आधी बघायची सवय आहे. लेक नेमबाजी करायला लागली ती दुधाळी रेंजवर. कोल्हापुरात हे नवल नाही. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत याच मातीतल्या. राहीनं २०१३ साली चांगवॉनला पिस्तुलात वर्ल्ड कपचं सुवर्ण घेतलं, तसं करणारी ती पहिली भारतीय. पुढे २०१८ च्या आशियाई स्पर्धेतही सुवर्ण. आणि २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला रायफलमध्ये ऑलिम्पिक पदक आणलं. असल्या जिल्ह्यात पोरगी 'मला पिस्तूल पाहिजे' म्हणाली, तर बापाला नाही म्हणणं जड जातं.

माझ्या आईला मात्र ते ऐकून धक्काच बसला. "पोरीच्या हातात पिस्तूल कशाला रे?" तिला समजावलं ते इथंही सांगतो, कारण पुष्कळ घरांत हाच प्रश्न पहिला येतो. हे हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल आहे. छर्रा शिशाचा, ४.५ मिलिमीटरचा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. २०१६ च्या शस्त्र नियमांत २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या आणि ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या हवेच्या शस्त्राला परवान्यातून मोकळीक आहे. स्पर्धेच्या पिस्तुलाची ताकद साधारण पाच-सहा ज्यूल भरते. पण म्हणून ते खेळणं नव्हे. नळीत सेफ्टी फ्लॅगची दोरी, म्हणजे नळी रिकामी असल्याची खूण, असल्याशिवाय आमच्या घरात पेटी उघडत नाही.

आता मूळ मुद्दा. आम्ही बघत होतो ती ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीची. साधं म्हणजे एलपी टू. वरचं म्हणजे इव्हो टेन, आणि त्याच्याही वर इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं इव्हो टेन ई. मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवेर्कबाउ या कंपन्यांतही कमीअधिक अशाच पायऱ्या आहेत. आम्ही बघत होतो तेव्हा युरोपातल्या दुकानांत साधं साधारण हजार-अकराशे युरोला आणि वरचं दीड हजाराच्या पुढे होतं. इथं येईपर्यंत त्यावर वाहतूक, कर आणि विक्रेत्याचा नफा चढतो.

आधी मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की साध्याची नळी वाकडं मारते का?

मारत नाही. दोन्हींसोबत कारखान्यात पिस्तूल पकडीत आवळून मारलेलं टेस्ट कार्ड येतं. एका जागी पाच छर्रे, आणि कागदावर छर्र्याच्या व्यासाहून जरासं मोठं एकच भोक. विक्रेत्याकडे मी दोन्ही मॉडेलची कार्डं शेजारी ठेवून बघितली. नावं झाकली असती तर कुठलं कुणाचं, सांगता आलं नसतं. आणि लक्ष्यावरचा दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा. छर्रा रेषेला टेकला तरी दहा धरतात. म्हणजे मधोमध छर्रा गेला नाही, आठ मिलिमीटरनं सरकला, तरीही दहा गुण. कारखान्याची पकड जी चूक करते ती या आठ मिलिमीटरांत कुठल्या कुठे हरवून जाते.

मग दहा हुकतं कशानं? त्याचं गणित मी लेकीला वहीवर करून दाखवलं. नेम धरायची पुढची आणि मागची साइट यांत साधारण साडेतीनशे मिलिमीटर अंतर असतं. लक्ष्य दहा हजार मिलिमीटरवर. दोन साइट एकमेकींच्या रेषेतून ०.१ मिलिमीटर ढळल्या, तर लक्ष्यावर छर्रा जवळपास तीन मिलिमीटर सरकतो. पाव मिलिमीटरच्या थोडं पुढे गेलं, की दहा गेलं. ट्रिगर ओढताना मनगटात आलेला ताण एवढं सहज ढळवतो. माझ्या टूलरूममध्ये ०.१ मिलिमीटर म्हणजे ढोबळ काम. पण एका हातानं किलोभर वजन खांद्याच्या रेषेत धरून, श्वास सावरत, बोटाच्या पेरानं निदान अर्धा किलो दाब देत ते राखायचं, आणि ७५ मिनिटांत ६० वेळा राखायचं, हे काम किती मोठं आहे ते त्या दिवशी मला पहिल्यांदा आकड्यांत दिसलं. त्यानंतर पोरीच्या ९३ च्या सिरीजकडे, म्हणजे दहा शॉटमधल्या शंभरपैकी ९३ गुणांकडे, मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

म्हणजे नळीसाठी जास्त पैसे द्यायचं कारण नाही. मग वरच्यात मिळतं काय?

पहिली गोष्ट, झटका शोषणारी यंत्रणा. आत एक छोटं वजन असतं, छर्रा सुटताना ते सरकतं आणि धक्का खाऊन टाकतं. एअर पिस्तुलाला कसला आलाय धक्का, असं कुणीही म्हणेल. मीही हिशेब केला: अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरनं निघतो, पिस्तूल किलोभराचं, म्हणजे पिस्तूल मागे यायचा वेग सेकंदाला सात-आठ सेंटिमीटर, बाहेर पडणाऱ्या हवेमुळे थोडा अधिक. छर्रा नळीत असतो ते काही सहस्रांश सेकंद, तेवढ्यात पिस्तूल हलून हलणार किती? गुणांवर त्याचा थेट परिणाम नगण्यच. एलपी टूमध्ये ही यंत्रणा नाही, नळीला वर भोकं आहेत, त्यातून हवा निघून तोंड दाबून धरलं जातं. तरी वरच्यापेक्षा ते उडी जास्त मारतं. दोन्ही हातात घेऊन मारली की पहिल्या पाच शॉटमध्येच कळतं.

फरक पडतो तो शॉट सुटल्यावर. वरच्यात साइट जागच्या जागी राहते, आपण कुठं होतो ते नेमबाजाला दिसत राहतं. लेकीनं इव्होवर एक सिरीज मारली आणि म्हणाली, "बाबा, हे लय शांत आहे. मी कुठं होतो ते कळतंय." तिचा चेहरा बघून माझा हात खिशाकडे गेलाच होता.

पण तिच्या प्रशिक्षक सरांनी जे सांगितलं ते ऐकून मी थांबलो. सर म्हणाले, "साधं पिस्तूल उडी मारतं, तीच उडी मला पाहिजे. पकड रोज सारखी असेल तर साइट रोज सारखीच वर जाते आणि सारखीच परत येते. पकड बदलली की ती डावी-उजवीकडे पळते. हिची पकड अजून बसायची आहे. वरचं पिस्तूल ती चूक लपवून ठेवेल." वरच्या मॉडेलला त्यांचा विरोध नव्हता. त्यांचे मोठे खेळाडू तेच वापरतात. प्रश्न कुणाला कधी, एवढाच होता. हे बोलणं मला फार पटलं, कारण आमच्या धंद्यातही नवीन पोराला आधी हाताच्या कानशीवर बसवतात. कानस हात कुठं कललाय ते लगेच दाखवते.

दुसरी गोष्ट, जुळवाजुळव. वरच्यात मागच्या साइटची खाच रुंदीला आणि खोलीला हवी तशी करता येते, दोन साइटमधलं अंतर कमी-जास्त होतं, ग्रिपचा, म्हणजे हातात धरायच्या लाकडी मुठीचा, कल स्क्रूनं बदलतो, ट्रिगरची पट्टी पुढे-मागे, तिरकी, वर-खाली. साध्यात यातलं गरजेपुरतं. इथं माझ्यातला टूलरूमवाला खूश व्हायला हवा होता, आणि झालाही. इतक्या बारीक आट्यांचे स्क्रू बघितले की हात शिवशिवतात. पण स्क्रू जितके जास्त, तितकी घरात ते फिरवण्याची शक्यता जास्त. रेंजवर मी असे पालक बघतो, दर वाईट सिरीजनंतर ॲलन की बाहेर येते. पोरगं बिचारं आज नेमकं कुठल्या पिस्तुलानं मारतोय हेच विसरतं. एका वेळी एकच स्क्रू, तोही सरांना विचारून, आणि आधीची जागा वहीत लिहून. आमच्याकडे हा नियम साध्या पिस्तुलालाही आहे.

ट्रिगरबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण पैशाचा खरा वाद तिथंच असतो.

नियमानं एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला कमीत कमी ५०० ग्रॅम वजन पेललं पाहिजे. शस्त्र तपासणीत पिस्तूल उभं धरून ट्रिगरला वजन लटकवून उचलतात. स्पर्धा संपल्यावरही निवडक खेळाडूंचं पिस्तूल पुन्हा तपासतात, आणि तिथं वजन पेललं नाही तर सगळी मेहनत बाद. म्हणून ५०० वर नेमकं लावून ठेवणं हा धोका आहे. थोडं वर, ५१०-५२० वर ठेवावं. चांगल्या ट्रिगरला दोन टप्पे असतात. पहिल्यात बोट बरंचसं वजन उचलून भिंतीला टेकतं, दुसऱ्यात उरलेलं थोडं वजन आणि शॉट. ती भिंत रोज त्याच जागी आणि तितकीच कडक लागली पाहिजे. यांत्रिक ट्रिगरमध्ये दोन घासून चकाकवलेल्या पोलादी धारा एकमेकींवरून सरकतात. मी विक्रेत्याच्या परवानगीनं साध्या पिस्तुलाचा ट्रिगर वजन लावून पुन्हा पुन्हा मोजला. फरक ग्रॅमांत मोजावा इतकाच. लेकीच्या बोटाला तो कळण्यासारखा नव्हता, माझ्याही नव्हता.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये या धारा नाहीतच. बोट एक संपर्क जुळवतं, बाकीचं काम सर्किट आणि बॅटरी करते. घासणं नाही, झीज नाही, ट्रिगर सुटण्याची जाणीव काच फुटावी तशी स्वच्छ. अनेक अव्वल नेमबाज तोच वापरतात, आणि हातात घेतल्यावर का ते समजतं. पण ऐन स्पर्धेतल्या बिघाडाच्या बाबतीत २०२१ चं टोकियो ऑलिम्पिक कुठलाच भारतीय नेमबाज-पालक विसरलेला नाही. मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला, दुरुस्तीत अमूल्य मिनिटं गेली. घड्याळ धावत असताना तिनं उरलेले शॉट मारले आणि ५७५ केले. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं याच प्रकारात कांस्य घेतलं, पाठोपाठ सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिकमध्ये दुसरं. ती उभी कशी राहिली याला माझा सलाम आहे. पण तिच्या पाठीशी टोकियोतही प्रशिक्षक आणि जादाचं पिस्तूल होतं. जिल्हा स्पर्धेत माझ्या पोरीच्या पाठीशी मी असणार, आणि मला सर्किट उघडता येत नाही. यांत्रिक ट्रिगर मात्र उघडता येतो, साफ करता येतो, स्प्रिंग बदलता येते. आमच्या भागात इलेक्ट्रॉनिक ट्रिगर दुरुस्त करणारा कुणी मला भेटला नाही. पिस्तूल बाहेर पाठवायचं म्हणजे सराव बंद. हे कारण पुण्या-मुंबईच्या पालकांना तितकं लागू नाही, त्यांनी आपल्यापुरतं ठरवावं.

घरात बायकोचं मत सुरुवातीला वरच्याकडे होतं. "एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्या. दोन वर्षांनी परत बदलायचं म्हणजे दोनदा खर्च." त्यात तथ्य आहे. ज्या मुलाची राज्य संघात निवड झाली आहे, हात आणि उंची वाढायची थांबली आहे, सरावाला रोज वेळ आहे, त्यानं मधली पायरी गाळून सरळ वरचं घ्यावं असंच मीही म्हणेन. आमची पोरगी दहावीच्या उंबरठ्यावर. तिचा तळहात अजून वाढतोय. आज बसणारी ग्रिप पुढच्या वर्षी बसेलच असं नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून एका कागदावर डावीकडे वरच्या पिस्तुलाची जास्तीची किंमत लिहिली आणि उजवीकडे तेवढ्यात काय काय येतं ते मांडत गेलो. छर्रे, एका डबीत ५००, आणि नीट सराव करणारं पोर डबी बघता बघता संपवतं. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर कॅप्टन इझिकेल स्पर्धेला जाऊन येण्याचं भाडं, राहणं, प्रवेश शुल्क. तिथून पुढं गेली तर मावळंकर स्पर्धा. (दादासाहेब मावळंकर लोकसभेचे पहिले सभापती म्हणून सगळ्यांना ठाऊक असतात. १९५१ साली राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी करणारेही तेच.) नेमबाजीचे बूट. सराव यंत्रावरच्या काही तासिका, ज्यात नेम कसा फिरतो त्याची रेघ पडद्यावर दिसते. उजवी बाजू भरत गेली तशी बायको गप्प झाली आणि शेवटी तिनंच पेन ठेवलं. "स्पर्धा बघू दे तिला आधी," म्हणाली.

एलपी टू घेतलं. लेक हिरमुसली का? थोडी. पण सरांनी तिला स्वतः बोलावून उडीचं ते सगळं समजावलं, तेव्हापासून ती प्रत्येक शॉटनंतर साइट कुठं परतली ते वहीत बाणानं काढते. त्या वहीची पानं मला तिच्या प्रगतिपुस्तकाहून जास्त वाचावीशी वाटतात. सुरुवातीच्या पानांवर बाण चारी दिशांना, आता बहुतेक वर आणि जरासे उजवीकडे.

वाचलेल्या पैशातून सगळ्यात आधी लक्ष घातलं ते ग्रिपकडे. माझं ठाम मत आहे, की साधं पिस्तूल आणि हाताला नेमकी बसलेली ग्रिप हे वरचं पिस्तूल आणि कशीही बसलेली ग्रिप याच्या कितीतरी पुढं आहे. ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते, पण हात काही मापात येत नाही. टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग एकमेकांना कुठं टेकतात ते बघायला आम्ही निळा रंग लावतो. पोरीच्या हाताला तो नको म्हणून आईच्या देव्हाऱ्यातलं कुंकू घेतलं. तळहाताला पुसट लावायचं, नेम धरायचा, सोडायचं. लाकडावर जिथं लाल उठलं तिथं ग्रिप हाताला रुतते. तिथं पॉलिश पेपर, अगदी हलका. जिथं अजिबात रंग नाही तिथं पोकळी, तिथं लाकडाची पुट्टी. तळहाताखालचा टेकू इतका वर नको की हात आवळला जाईल, आणि ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये, तसं केलं तर तपासणीत अडवतात. हे काम एका बैठकीत करू नये. थोडं घासावं, दोन-तीन सराव होऊ द्यावेत, परत बघावं. काढलेलं लाकूड परत येत नाही. आईला कुंकवाचा हा उपयोग फार आवडला, आता ग्रिपचं काम काढलं की तीच करंडा घेऊन शेजारी बसते.

काही पालक तिसरा रस्ता विचारतात, वरचंच पण वापरलेलं घेऊ का? घ्यावं, यांत्रिक ट्रिगरची वापरलेली पिस्तुलं उत्तम मिळतात. फक्त हवेचा सिलिंडर हातात घेऊन त्यावरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हे सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरतात आणि बनवल्यापासून दहा वर्षांपर्यंतच ते वैध धरले जातात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि सुरक्षितही नाही. नवा सिलिंडर स्वस्त नसतो, त्यामुळे तारीख जुनी निघाली तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करून बोलावं. सोबत टेस्ट कार्ड, ट्रिगरचं वजन आणि ग्रिप आधीच्या मालकानं किती घासली आहे हेही बघावं. दुसऱ्याच्या हातासाठी कोरलेली ग्रिप आपल्या पोराला बसत नाही, ती नवी घ्यावी लागेल असं धरूनच चला.

आणि वरचं कधी घ्यायचं, हे आमच्यात ठरलेलं आहे. लेक स्वतः येऊन नेमकं सांगेल, की मला मागच्या साइटची खाच खोल पाहिजे आणि ती या पिस्तुलात होत नाही, किंवा माझी पकड बसली आहे, आता शॉटनंतर साइट जागेवर दिसली पाहिजे, आणि सर मान डोलावतील, तेव्हा. 'अमकीकडं आहे' एवढं कारण चालणार नाही, हे तिला माहीत आहे. तोवर एलपी टूची किंमत टिकून राहील याची काळजी मी घेतोय, रबरी वायसर वेळेवर बदलणं, पेटीत ओल न जाऊ देणं, सिलिंडरच्या नोंदी. क्लबमध्ये शिकणाऱ्या एखाद्या पोरासाठी त्याला गिऱ्हाईक नक्की मिळेल. तिच्या ग्रिपला हात लावू नका, तेवढं मात्र तिनं आत्ताच बजावून ठेवलंय, ती ग्रिप तिला स्वतःकडं ठेवायची आहे.